रात्रभर जागणारा संगणक

घरातील संगणक रात्री बंद करावा की चालूच ठेवावा, हा प्रश्न अग्रलेखाचा विषय व्हावा एवढा मोठा आहे काय, असे काही वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नावरून कधी ना कधी दोन तट पडले नाहीत, अशी घरे गोव्यात आता थोडीच उरली असतील. निजण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद झालेच पाहिजे, हा आजोबांचा आग्रह. यंत्र वारंवार बंद-चालू केल्यानेच बिघडते, चालू राहिल्याने नव्हे, हे नातवाचे म्हणणे. सुनेला सकाळी सातला घरबसल्या कचेरीचे काम सुरू करावयाचे असते आणि काल उघड्या ठेवलेल्या दहा फायली पुन्हा उघडीत बसण्यास तिला सवड नसते. तिघांचेही म्हणणे कोणत्या ना कोणत्या काळी, कोणत्या ना कोणत्या यंत्राच्या बाबतीत खरे होते, म्हणूनच हा वाद मिटत नाही. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. आपल्या या किनारपट्टीवर आजोबांची बाजू अधिक बळकट आहे. मात्र ते वीजबिलाचे जे कारण देतात, त्या कारणासाठी नव्हे.

नातवाचा सिद्धांत आधी पाहू, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या संगणकात सतरा हजारांहून अधिक काचेच्या व्हॉल्व्ह होत्या. आपल्या जुन्या रेडिओत ज्या असत, त्याच जातीच्या. या व्हॉल्व्ह जळत त्या प्रामुख्याने यंत्र तापताना आणि निवताना. म्हणून अभियंत्यांनी ते यंत्र बंदच न करण्याचा मार्ग पत्करला. १९४७ च्या जुलैअखेर नव्या जागी सुरू झालेले ते यंत्र २ ऑक्टोबर १९५५ रोजी रात्री ११ वाजून ४५ मिनिटांनी कायमचे थांबविण्यात आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते 'टिफ्रॅक' हे नाव मिळालेल्या संगणकातही अशा सुमारे २७०० व्हॉल्व्ह होत्या. 'संगणक बंद करू नये' हे शास्त्र त्या पिढीतले आहे. पुढे व्हॉल्व्ह गेल्या, ट्रान्झिस्टर आले, तेही बोटाच्या पेरावर कोट्यवधींनी मावू लागले, परंतु शास्त्र मात्र तोंडोतोंडी चालत राहिले.

त्याला मध्यंतरी दुसरा टेकू मिळाला तो फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कचा. चकती थांबताना तिच्यावरील वाचक-सुई पृष्ठभागावर टेकत असे आणि प्रत्येक टेकण्याने थोडी झीज होई. ही झीज खरी होती, पण केवढी? त्या काळच्या डिस्कना चाळीस-पन्नास हजार वेळा बंद-चालू होण्याची क्षमता दिलेली असे. दिवसातून दोनदा बंद केले तरी तेवढा आकडा गाठण्यास साठ वर्षे लागावीत. पुढच्या डिस्कमध्ये सुई चकतीबाहेरील उतरणीवर विसावू लागली आणि हा आकडा तीन लाखांवर गेला. म्हणजे चारशे वर्षांची बेगमी! आजच्या नव्या संगणकात तर फिरणारी चकतीच नसते. एसएसडी नावाच्या स्मृतिपट्टीला ना सुई, ना चक्र. यंत्र बंद असेल तर ते अर्ध्या मिनिटात उठून कामाला लागते. तापण्या-निवण्याने डाखाच्या जोडांवर ताण येतो, हे तत्त्वतः आजही खोटे नाही. परंतु दिवसाकाठी एकदा बंद केल्याने घरचा संगणक त्या कारणाने निकामी होण्याआधी तो कालबाह्य होईल, हे अधिक संभवनीय. विंडोज १० या प्रणालीचा नि:शुल्क आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा उत्तम चालणारे कितीतरी संगणक एका दिवसात जुने ठरले. ते काही बटण दाबून दाबून झिजलेले नव्हते.

आता आजोबांचे बिल. टेबलावरचा साधारण संगणक, पडदा बंद असून काही काम करीत नसताना, ५० ते ८० वॅट वीज घेतो. साठ धरले आणि रात्रीचे आठ तास मोजले तर जवळजवळ अर्धे युनिट, वर्षाला सुमारे १७५ युनिटे होतात. युनिटामागे चार रुपये धरा, सातशे रुपये झाले. मांडीवरचा लॅपटॉप असेल तर याच्या पाचवा-सहावा हिस्सा. सातशे रुपये म्हणजे काही उपेक्षणीय रक्कम नव्हे, तथापि ज्या घरात एका टनाचे वातानुकूलन यंत्र रात्रीत चार-पाच युनिटे खाते, त्या घरात संगणकावरून वाद घालणे म्हणजे हत्ती सोडून शेपटीवर अडणे होय. एक गैरसमज मात्र येथेच दूर केलेला बरा. पडद्यावर मासे पोहत असले किंवा रंगीत नळ्या वाढत असल्या की वीज वाचते, असे अजून पुष्कळांना वाटते. त्या चलचित्रांचा उपयोग जुन्या काचेच्या पडद्यावर एकच अक्षर जळून कायमचे उमटू नये एवढाच होता. ती वीज वाचवीत नाहीत, उलट संगणकाला जागे ठेवतात.

बिलापेक्षा विचार करावयाचा तो ही वीज येते कोठून याचा. गोव्यात नाव घेण्याजोगे मोठे वीजकेंद्र नाही. आपला विजेचा मुख्य हिस्सा येतो तो छत्तीसगडातील कोरब्यासारख्या दूरच्या केंद्रांतून, बव्हंशी कोळसा जाळून आणि शेजारच्या राज्यांतून तारा ओढून. एका युनिटासाठी आपल्या देशात साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. दहा हजार घरांनी अर्धे-अर्धे युनिट रात्री नुसते उधळले असे मानले, तर पहाटेपर्यंत तीन टनांहून अधिक कोळसा कोणाच्याही कामी न येता जळालेला असेल. मोलेच्या अरण्यातून चारशे किलोव्होल्टची तामनार वाहिनी नेण्यास २०२० साली गोमंतकीयांनी जो विरोध केला, तो अद्याप कोणी विसरले नसेल. रेल्वेचे दुपदरीकरण आणि महामार्गाचे रुंदीकरण हे त्याच अरण्यातले अन्य दोन प्रकल्प. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने नवी वाहिनी जुन्या वाहिनीच्याच पट्ट्यातून न्यावी अशी शिफारस केली, ती या विरोधामुळे प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले म्हणून. एकेका घरचा संगणक बंद केल्याने मोलेचे झाड वाचते असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. परंतु वाहिनी नको म्हणणाऱ्यांस विजेची मागणी कशाने वाढते हे विचारले जाणारच, आणि त्यावेळी उत्तर देताना आपली मान खाली जाऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.

रात्रीची वीज तशी फुकटच जाते, असेही एक समर्थन ऐकू येते. तेही आता शिळे झाले. पूर्वी मध्यरात्री मागणी उतरे आणि वीजकेंद्रे मंदावून ठेवावी लागत. आज भर दुपारी सूर्यापासून मुबलक वीज मिळते आणि रात्रीचा भार पुन्हा कोळशावर येतो. २०२३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ग्राहकहक्काच्या नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या वेळची वीज स्वस्त व गर्दीच्या वेळची महाग ठेवण्याचे धोरण आखले, त्याच्या मागे हेच गणित आहे.

परंतु हे सर्व बाजूस ठेवले, वीज फुकट मिळाली आणि ती स्वच्छ वाऱ्यापासून निर्माण झाली असे मानले, तरीही आमचे उत्तर बदलत नाही. त्याचे कारण आपले आकाश आणि आपले माड.

एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीवरून येणारे वळवाचे ढग आणि पुढे ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा गडगडाट, हे बहुधा संध्याकाळी जमतात आणि रात्री कोसळतात. संगणक दुरुस्त करणाऱ्या कोणाही कारागिराला विचारा. अशा एका रात्रीनंतर त्याच्या दुकानात काय येऊन पडते ते तो सांगेल. वीज घरावरच पडावी लागते असे नाही. हजारो अँपियरचा तो लोळ दूरच्या झाडावर किंवा खांबावर उतरला, तरी त्याच्या क्षणिक धक्क्याने आसपासच्या तारांतून दाबाची लाट धावते आणि ती नेमकी नाजूक यंत्राच्या दारी येते. ही लाट केवळ वीजवाहिनीतून येते असे समजणे घातक आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून आणि केबलच्या जाड वायरीतूनही ती घरात शिरते. काचतंतूच्या इंटरनेटमधून वीज वाहत नाही, हे खरे. परंतु त्या काचतंतूच्या टोकाची पेटी भिंतीतल्या विजेवर चालते आणि तिच्यापासून संगणकापर्यंत जाणारी तार पुन्हा तांब्याचीच असते. म्हणून पुष्कळ घरांत संगणकाचे बटण बंद असूनही तो जळतो आणि यजमान नशिबाला बोल लावतात.

भिंतीवरच्या बटणाचीही मर्यादा जाणून घेतली पाहिजे. आपल्याकडचे साधे बटण दोन तारांपैकी एकच तोडते, दुसरी जोडलेलीच राहते. जुन्या घरात तारा ओढणाऱ्याने चुकून उलटी जोडणी केली असेल तर जी तोडावयास हवी तीच राहते. शिवाय आकाशातून मैलभर हवा फोडून आलेल्या विजेपुढे बटणातल्या दोन-तीन मिलिमीटरांच्या फटीची मातब्बरी ती काय? गडगडाट सुरू झाला की, किंबहुना तो होण्याआधी, प्लग उपसून बाजूला ठेवणे, हाच उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' नावाचे ॲप आपल्या परिसरात वीज पडण्याचा संभव आगाऊ कळविते, पण सूचना आली तेव्हा घरातील सर्वजण घोरत असतील तर तिचा उपयोग कोणाला? रात्री संगणक चालू ठेवण्यातला खरा धोका हाच आहे, की तो जागा असतो आणि आपण निजलेले असतो.

माडांचे म्हणणे याहून वेगळे नाही. पावसाळी वाऱ्यात झावळी, आमच्याकडचे चुडत, तारांवर पडते. कधी नुसती वीज जाते आणि यूपीएसची बॅटरी दहा-पंधरा मिनिटे झुंजून मान टाकते. मग संगणक अर्ध्या लिखाणात कोसळतो. कधी याहून वाईट घडते. तीन फेजच्या वाहिनीतली न्यूट्रल तार तेवढी तुटते आणि एका घरात दिवे मंद होत असता शेजारच्या घरात दोनशे तीसऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत दाब चढतो. जागे माणूस बल्ब डोळे दिपविण्याइतका उजळलेला पाहताच मेन स्विचकडे धावते. निजलेल्या घरात ते कोण करणार? वीज खात्याने पावसापूर्वी फांद्या तोडाव्यात ही मागणी जुनी आहे आणि ती आम्ही सोडलेली नाही, परंतु प्रत्येक वाडीतल्या प्रत्येक माडाच्या झावळीवर कोणतेच खाते पहारा ठेवू शकत नाही.

बाजारात दाबरोधक म्हणून मिळणाऱ्या पट्ट्यांवर फार विसंबू नये. त्यांच्यातला शोषक घटक प्रत्येक धक्क्यागणिक अशक्त होत जातो आणि तो संपला तरी पट्टीचा दिवा लालचुटुक तेवत राहतो. जास्तीचा दाब त्याने जमिनीत सोडावयाचा, तर घराचे अर्थिंग धड हवे. चिऱ्याची आपली कोरडी जमीन विजेला सहज वाट देत नाही. कोळसा-मिठाचा खड्डा करून, त्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. हे जाणणारी पिढी मागे पडली आणि नव्या फरशीखाली कितीतरी घरांचे खड्डे कायमचे गाडले गेले.

येथे दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मोकळेपणी मान्य केला पाहिजे. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत ओल इतकी असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. चालू असलेले यंत्र उबदार राहते, त्यावर दव धरत नाही. बंद पडून राहिलेले यंत्र खारट ओलीने हळूहळू गंजते. कॅमेऱ्याच्या किंवा पुस्तकांच्या कपाटात लहानसा बल्ब जळत ठेवण्याची जुन्या घरांतली रीत याच अनुभवातून आली. तेव्हा चतुर्थीपर्यंत संगणकाला फडक्याखाली झाकून विसरून जाणे हेही चूकच. परंतु ओल घालविण्यास दिवसा तास-दोन तास चालविणे पुरते. रात्रभराच्या उबेला पाली आणि मुंग्याही भुलतात, आणि वीजपेटीच्या जाळीतून आत गेलेली पाल स्वतः तर मरतेच, यंत्रालाही घेऊन जाते.

सुनेची अडचण सर्वांत खरी आणि तिचे उत्तर सर्वांत सोपे आहे. आपल्या आज्यापणज्या रात्री चूल विझवीत नसत, निखारा राखेखाली झाकून ठेवीत आणि पहाटे फुंकर घालीत. संगणकाची 'स्लीप' अवस्था म्हणजे हा झाकलेला निखारा. एक-दोन वॅटवर सर्व काम स्मृतीत जपून ठेवले जाते आणि कळ दाबताच जिथल्या तिथे उघडते. दुपारच्या जेवणापुरते किंवा बाजारात जाण्यापुरते हे उत्तम. पण त्यात प्लग काढता येत नाही, कारण टेबलावरच्या यंत्राची वीज गेली की निखाराही गेला. रात्रीसाठी 'हायबरनेट' हवे. त्यात उघड्या फायलींसह सारी अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि नंतर विजेची गरजच उरत नाही. प्लग उपसा, सकाळी जोडा, दहाही फायली जागच्या जागी. विंडोजमध्ये ही सोय बहुधा झाकून ठेवलेली असते. कंट्रोल पॅनेलमधील वीजविषयक पर्यायांत ती एकदा उघडून घ्यावी लागते. येथे आणखी एक चमत्कारिक गोष्ट. २०१२ च्या विंडोज ८ पासून नुसते 'शट डाउन' केल्याने संगणक पुरता निवत नाही, गाभ्याची स्मृती तो डिस्कवर राखून ठेवतो. म्हणून यंत्र मंदावले, अडखळू लागले, तर आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करावे. बंद करून पुन्हा चालू केल्याने जे साधत नाही ते त्याने साधते.

मग रात्री चालू ठेवण्यास कधीच आधार नाही काय? आहे, पण तेव्हा यंत्राला काही काम दिलेले असले पाहिजे. १९९९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाने 'सेटी ॲट होम' नावाचा उपक्रम सुरू केला. अंतराळातून आलेल्या रेडिओलहरी तपासण्यासाठी जगभरच्या लोकांनी आपापले रिकामे संगणक वापरू दिले आणि पुष्कळ यंत्रे त्यासाठी रात्रंदिवस जागली. २०२० च्या मार्चमध्ये तो उपक्रमही थांबला. आज घरी रात्रीचे काम निघालेच तर ते सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांचे. मायक्रोसॉफ्ट या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत करते. तिकडची सकाळ ती आपली रात्र साडेदहा-साडेअकराची. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' या उपद्रवी प्रोग्रामने जगभरच्या यंत्रांना कुलपे लावली, तेव्हा ती फट बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडलेली होती. ती ज्यांनी बसवून घेतली नव्हती त्यांच्याच गळ्याला फास बसला. तेव्हा दुरुस्त्या टाळू नयेत. पण त्यासाठी तीस रात्री जागण्याची गरज काय? त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, जेवणाच्या वेळी, यंत्राला ते काम लावून द्यावे.

घरांची गोष्ट घरातील माणसे पाहतील. आमची अधिक चिंता आहे ती शाळांच्या संगणक-कक्षांची आणि सरकारी कचेऱ्यांची. उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांस संगणक देणारी 'सायबरएज' योजना राबविणाऱ्या या राज्यात यंत्रे पुष्कळ आली, परंतु संध्याकाळी ती बंद करण्याचे काम कोणाचे, हे क्वचितच ठरलेले असते. शुक्रवारी सायंकाळी पाच-साडेपाचला उठून गेलेल्या कारकुनाचा संगणक सोमवारी सकाळपर्यंत चालू राहिला तर साठाहून अधिक तास होतात. एका टेबलामागे जवळजवळ चार युनिटे, एकाच आठवडाअखेरीस! त्यात मेमधला एखादा शनिवार गडगडाटाचा निघाला, तर सोमवारी दाखल्यासाठी पेडण्याहून वा काणकोणाहून आलेल्या माणसाला 'मशीन बंद आहे' हे ऐकून परत जावे लागते. त्याची एक दिवसाची मजुरी कोणत्याच बिलात दिसत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गटारे उपसावी, कौले शाकारावी, फांद्या तोडाव्या अशी परिपत्रके निघतात. त्यांत आणखी एक ओळ घालण्यास सरकारला काही खर्च येणार नाही: सायंकाळी कचेरी बंद करताना संगणकांचे प्लग काढण्याची जबाबदारी अमुक पदावरील कर्मचाऱ्याची, आणि अर्थिंगची तपासणी मेपूर्वी पुरी व्हावी. वळवाचा पहिला ढग येण्याआधी ते परिपत्रक कचेरी-कचेरीत पोहोचलेले असावे.